डोक्याला मार लागला, डॉक्टर म्हणाले ‘लक्ष ठेवा’: म्हणजे नेमकं काय करायचं?

दिवाळीची सुट्टी होती. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घरी अंगणात किल्ला चालला होता. पाच वर्षांचा माझा मुलगा मातीचं ओलं पोतं ओढत मागं मागं सरकत जोत्याच्या कडेला आला आणि पाठमोरा खाली फरशीवर पडला. डोकं आपटल्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत आला. जोतं जेमतेम तीन फूट उंच. तो लगेच मोठ्यानं रडला, दहा मिनिटांत शांत झाला आणि मावळे कुठं ठेवलेत म्हणून विचारायला लागला. तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासलं. “आत्ता तरी ठीक वाटतोय. घरी न्या, पण लक्ष ठेवा,” म्हणाले.

घरी आलो आणि खरा प्रश्न तिथं सुरू झाला. लक्ष ठेवायचं म्हणजे काय करायचं? सासूबाई म्हणाल्या, त्याला अजिबात झोपू देऊ नका. नवरा दर पाच मिनिटांनी मोबाइलचा टॉर्च त्याच्या डोळ्यांत मारत होता. मी “बाळा, दुखतंय का?” इतक्यांदा विचारलं की शेवटी तो वैतागून रडायला लागला, आणि तो का रडतोय या विचारानं आम्ही आणखी घाबरलो. घरात आठ माणसं होती. सगळी बघत होती, पण काय बघायचं ते एकालाही ठाऊक नव्हतं. मुलगा सुदैवानं ठीक राहिला. पण त्या रात्री आमच्या हातात जे असायला हवं होतं, ते नंतर बालरोगतज्ज्ञांना विचारून आणि वाचून मी गोळा केलं. तेच इथं मांडते आहे. डॉक्टरकडं जाण्याऐवजी हे वाचायचं नाही. डॉक्टरकडं जावं की नाही हे ठरवताना, आणि तिथून परत आल्यावरच्या तासांत हे उपयोगी पडेल.

आधी हे: थांबायचं कधी नाही

पुढचं सगळं वाचण्याआधी एवढं तपासा. यातलं काहीही दिसलं तर घरी बसून निरीक्षण करण्याची वेळ नाही, थेट रुग्णालय गाठायचं.

- मूल शुद्धीवर नाही, किंवा पडल्यावर काही क्षण तरी शुद्ध हरपली होती. हाक मारून, हलवून नीट जागं होत नाही
- आकडी (फिट) आली
- पुन्हा पुन्हा उलट्या होतायत
- डोकेदुखी कमी न होता वाढतेच आहे
- बोलणं असंबद्ध आहे, अडखळतंय, माणसं ओळखत नाही, तेच तेच विचारतंय
- एक हात किंवा पाय कमी हलतोय, चालताना झोकांड्या जातायत, दोन-दोन दिसतंय
- कानातून किंवा नाकातून रक्त वा पाण्यासारखा पातळ द्रव येतोय
- कवटीला खड्डा जाणवतोय, किंवा खोक खोल आहे आणि दहा मिनिटं दाबून धरूनही रक्त थांबत नाही
- मान दुखतेय, हातापायांना मुंग्या आहेत

बेशुद्धी, आकडी, श्वासाचा त्रास, लुळेपणा किंवा मानेची दुखापत असेल तर १०८ ला फोन करा. महाराष्ट्रात आणि गोव्यातही ही रुग्णवाहिका मोफत आहे. अशा मुलाला दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका. वाटेत त्याची मान सावरता येत नाही, उलटी झाली तर कुशीवर वळवता येत नाही आणि श्वास अडकला तर कळतही नाही.

याशिवाय एक वर्षाच्या आतलं बाळ डोक्यावर पडलं असेल, मग ते कितीही हसत असो, डॉक्टरांना दाखवाच. हिमोफिलियासारखा रक्त न गोठण्याचा आजार असेल, रक्त पातळ करणारं औषध चालू असेल किंवा डोक्यात शंट (मेंदूतलं जादा पाणी वाहून नेणारी नळी) बसवलेला असेल, तर किरकोळ वाटणारा मारही किरकोळ धरायचा नाही.

पहिली दहा मिनिटं

मूल पडलं की झडप घालून उचलणं ही आपली पहिली प्रतिक्रिया असते. एक श्वास घ्या आणि आधी बघा. गच्चीवरून, झाडावरून, जिन्यावरून गडगडत पडलं असेल किंवा गाडीची धडक असेल, तर मानेलाही मार असू शकतो. अशा वेळी ते जिथं आहे तिथंच, डोकं आणि मान एका रेषेत धरून ठेवा आणि मदत बोलवा. बेशुद्ध आहे पण श्वास चालू आहे आणि उलटी होतेय, तर डोकं, मान, पाठ एकत्र वळवून कुशीवर घ्या. श्वासच चालत नसेल तर छातीवर दाब देणं लगेच सुरू करा आणि १०८ चा फोन स्पीकरवर ठेवा.

साध्या पडण्यात मूल लगेच रडतं. ते रडणं ऐकून जीव भांड्यात पडतो, आणि ते बरोबरही आहे. किती वेळानं रडलं हे मात्र लक्षात ठेवा. “पडलं आणि लगेच रडलं” आणि “पडलं, काही सेकंद काहीच आवाज नाही, मग रडलं” यांत डॉक्टरांच्या दृष्टीनं फरक असतो.

टेंगूळ आलं असेल तर बर्फाचा खडा किंवा गार दुधाची पिशवी रुमालात गुंडाळून पाच-दहा मिनिटं धरा, मग थोडं थांबून पुन्हा. टेंगूळ चोळू नका. वाटी किंवा नाणं दाबून ते ‘बसवायचा’ प्रयत्न आपल्याकडं हमखास होतो. त्वचेखाली फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्या दाबून चोळल्या तर रक्त आणखी पसरतं, आणि खाली हाड चिरलं असेल तर नुकसान जास्त.

खोक पडली असेल तर स्वच्छ कापड घेऊन सलग दहा मिनिटं दाबून धरा, मध्ये उचलून बघू नका. डोक्याच्या कातडीत रक्तवाहिन्या दाट असतात, त्यामुळं लहानशा खोकेतूनही शर्ट भिजेल एवढं रक्त येतं. रक्ताचं प्रमाण पाहून आतल्या माराचा अंदाज बांधता येत नाही. जिथं हाड दबलेलं वाटतं तिथं मात्र दाब द्यायचा नाही, फक्त कापड अलगद ठेवायचं. हळद, कॉफी पावडर, चुना जखमेत भरू नका. टाके घालताना डॉक्टरांना ते सगळं आधी धुऊन काढावं लागतं. धनुर्वाताची लस कधी झाली ते लसीकरणाच्या कार्डावर बघून ठेवा.

सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. काढू दे. पण ते सगळं तपासून झाल्यावर.

घरी थांबायचं की दाखवायचं?

वरच्या यादीतलं काही नसेल तरी तीन गोष्टी बघून निर्णय घ्यायचा: वय, उंची आणि मार कुठं बसला.

२००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. उत्तर अमेरिकेतल्या २५ रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत डोक्याला मार लागून आलेल्या ४२ हजारांहून जास्त मुलांची त्यात नोंद होती. ही सगळी शुद्धीवर असलेली किंवा जेमतेम गुंगीत असलेली मुलं होती. त्यांच्यापैकी मेंदूची गंभीर इजा निघाली ती शंभरात एकापेक्षाही कमी मुलांमध्ये. हा आकडा मला फार धीर देतो. मुलं पडतात, आणि बहुतेक वेळा खरंच काही होत नाही.

त्याच अभ्यासातून धोका ओळखण्याचे निकष ठरले. दोन वर्षांखालच्या मुलासाठी तीन फुटांहून जास्त उंचीवरून पडणं धोक्याचं धरतात, दोन वर्षांवरच्या मुलासाठी पाच फुटांहून जास्त. घरातला दिवाण दीड फूट असतो, स्वयंपाकाचा ओटा साधारण पावणेतीन फूट. म्हणजे ओट्यावर बसवलेलं वर्षाचं बाळ खाली पडलं तर ते धोक्याच्या रेषेला टेकलेलंच असतं, आणि कडेवरून निसटलेलं बाळ तर रेषेच्या वर.

टेंगूळ कपाळावर असेल तर दिसायला भयंकर असलं तरी सहसा निभावतं, कारण कपाळाचं हाड भक्कम असतं. लहान बाळाच्या डोक्याच्या बाजूला, कानाच्या वर किंवा मागं आलेली सूज मात्र गंभीर समजायची, विशेषतः ती हाताला मऊ, लिबलिबीत लागत असेल तर. तिच्याखाली हाड चिरलेलं असू शकतं. ही सूज कधीकधी दुसऱ्या दिवशी वर येते, म्हणून आंघोळ घालताना सगळ्या डोक्यावरून हलक्या बोटांनी हात फिरवा.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. त्या निकषांच्या यादीत, दोन वर्षांखालच्या मुलांसाठी, एक निकष असा आहे: मूल नेहमीसारखं वागत नाही असं आईवडलांना वाटतंय. केवळ तेवढंच. तो यंत्रानं मोजायचा नाही, घरच्यांना वाटणं हाच निकष. तेव्हा “डॉक्टर, नक्की सांगता येत नाही, पण हा आमचा नेहमीचा नाही” हे वाक्य बोलायला लाजू नका. ‘आई उगाच घाबरतेय’ असं कुणी म्हणालं तरी शांतपणे पुन्हा तेच सांगा. मोठ्या मुलाच्या बाबतीतही.

वरून ठीक दिसणारं मूल नंतर का बिघडतं?

कवटी हा बंद डबा आहे. आत रक्त साठू लागलं तर त्याला बाहेर जायला वाट नसते, मग ते मेंदूलाच दाबतं. कानशिलापाशी कवटीचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतल्या अंगाला एक धमनी चिकटून जाते. तिथं मार बसून ती फाटली तर हाड आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये रक्त साठत जातं. सुरुवातीला माणूस बोलतो, चालतो, ‘मला काही झालं नाही’ म्हणतो. दाब वाढला की काही मिनिटांत किंवा तासांत कोसळतो.

क्रिकेट बघणाऱ्या माझ्या पिढीला रमण लांबा आठवत असतील. फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यात क्लब सामना खेळताना ते फॉरवर्ड शॉर्ट लेगला, म्हणजे फलंदाजाच्या अगदी जवळ, हेल्मेटशिवाय उभे होते. चेंडू कानशिलावर लागला. ते स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेले. मग प्रकृती ढासळली, शुद्ध हरपली आणि तीन दिवसांनी ते गेले. सीझन बॉलनं, बॅटनं किंवा झोक्याच्या लोखंडी दांड्यानं कानशिलावर बसलेला फटका असेल तर मूल कितीही टुणटुणीत दिसो, मी स्वतः घरी थांबणार नाही.

मधला तो बरा वाटणारा काळ फसवा असतो, आणि निरीक्षण करायचं ते त्याच्यासाठीच. पहिले चार ते सहा तास सगळ्यात जास्त सावध राहायचं, २४ तास नीट आणि ४८ तासांपर्यंत अधूनमधून.

निरीक्षण: वही, घड्याळ आणि एक माणूस

पहिलं काम, माणूस नेमा. एकत्र घरात ‘कुणीतरी बघतंय’ असं प्रत्येकाला वाटत असतं. या दोन तासांत मी, पुढच्या दोन तासांत तू, असं तोंडानं बोलून ठरवा. ज्यांना मुलाचं रोजचं वागणं माहीत आहे अशीच माणसं निवडा. सुट्टीला आलेल्या मावशीला कळणार नाही की हा एरवी इतका गप्प बसत नाही.

दुसरं, वही. पडल्याची वेळ, किती उंचीवरून, कशावर, डोक्याची कोणती बाजू, लगेच रडलं की नाही, हे आधी लिहा. मग पहिले दोन तास दर अर्ध्या तासानं, पुढचे चार तास दर तासाला, आणि त्यानंतर जागं असेपर्यंत दोन-तीन तासांनी एकेक ओळ. मी नंतर भाचीच्या वेळी लिहिलेलं असं होतं: “५.१० पडली. ५.४० खेळतेय, दुखतं म्हणाली, टेंगळाला हात लावू देत नाही. ६.१० एक उलटी, रडून झाल्यावर. ६.४० पाणी प्यायली, राहिलं. ७.४० भावाशी भांडली.” एवढं पुरतं. वही कशाला, तर धोका एका क्षणात दिसत नाही, तो उतरणीत दिसतो. सहा वाजता भांडणारी मुलगी आठ वाजता नुसती बसून आहे, हे कागदावर एकाखाली एक दिसतं. घाबरलेल्या डोक्यात दोन्ही वेळांची सरमिसळ होते.

काय बघायचं? प्रश्न विचारून छळू नका, रोजची कामं करायला लावा.

शुद्ध आणि भान सगळ्यात आधी. मूल स्वतःहून आजूबाजूला बघतंय का, हाकेला लगेच वळतंय का? “तुझं नाव काय” एवढ्यावर समाधान मानू नका, ते अर्धवट गुंगीतही येतं. त्याच्या दिवसातलं काहीतरी विचारा: किल्ल्यावर शिवाजी महाराज कुणी बसवले, सकाळी डब्यात काय होतं, दादाचं कशावरून भांडण झालं. पडण्याचा क्षण आठवत नाही एवढंच असेल तरी डॉक्टरांना सांगा. पण “मी कुठं पडलो?” हे उत्तर दिल्यावर पाच मिनिटांनी पुन्हा, आणि पुन्हा विचारत असेल तर लगेच निघा.

चाल आणि हात. फरशीच्या रेषेवरून आगगाडी करत चालायला सांगा. दोन्ही हातांत एकेक खेळणं द्या. एका हातातलं सारखं निसटतंय का? शर्टाची बटणं नेहमीसारखी लावता येतायत का? सांडतंय, धडकतंय, एका अंगाला झुकतंय, तर वही मिटा आणि निघा.

उलटी. खूप रडून, घाबरून एखादी उलटी होणं मुलांमध्ये सर्रास दिसतं. एकीनंतर थोडा वेळ पोटाला विश्रांती द्या, मग घोट-घोट पाणी. दोनेक तास उलटी झाली नाही तर हलकं खाणं. दुसरी झाली की डॉक्टरांना फोन करा. तिसरी झाली तर फोन करत बसू नका, न्या. इंग्लंडच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही तीन किंवा जास्त वेगवेगळ्या उलट्या हा धोक्याचा निकष आहे. काही तास शांत गेल्यावर नव्यानं सुरू झालेली उलटी मात्र एक असली तरी मला मोठी वाटते.

डोकेदुखी. मार लागल्या जागी दुखणारच. सगळं डोकं दुखतंय, दर तासाला जास्त दुखतंय, पॅरासिटामॉल देऊनही हटत नाही, तर ते वेगळं. बोलता न येणारं मूल डोकं धरतं, कान ओढतं, कुशीत शिरून उजेडाकडं पाठ करतं.

डोळे. टॉर्चबद्दल एवढंच सांगते की एक बाहुली लहान, एक मोठी होणं हे बहुतेक वेळा उशिराचं लक्षण आहे. त्याच्या आधी मूल गुंगीत गेलेलं असतं. म्हणून दिवसातून दोन-चारदा बघा, पण बाहुल्या सारख्या आहेत म्हणून पेंगणाऱ्या मुलाकडं दुर्लक्ष करू नका. नजर तिरळी होणं, एक पापणी खाली येणं, अंधुक दिसणं हेही याच खात्यात.

काळंनिळं. कपाळावरच्या टेंगळाचं रक्त एक-दोन दिवसांत खाली उतरून पापण्या निळ्या होतात. ते सहसा निरुपद्रवी असतं. पण कपाळावर काही नसताना दोन्ही डोळ्यांभोवती काळी वर्तुळं आली, किंवा कानामागच्या हाडावर निळा डाग उमटला, तर कवटीच्या तळाचं हाड मोडल्याची शंका घेतात. हा डाग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही येतो, म्हणून केस बाजूला करून बघत जा. कानातून पाणी येत असेल तर आत कापूस कोंबू नका, नाक शिंकरायला सांगू नका.

आकडी आली तर कुशीवर झोपवा, आजूबाजूचं टोकदार सामान हलवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट काही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात जाणारा वेळ १०८ च्या फोनला द्या.

झोपू द्यायचं का?

हो. ‘झोपला की कोमात जातो’ ही समजूत घराघरांत आहे. झोपेमुळं मेंदूत रक्तस्राव होत नाही. भीती एवढीच, की झोपेत गुंगी लपते. म्हणून पहिले दोन तास जागं ठेवून बघता आलं तर उत्तम. खेळणी, गोष्ट, गप्पा. पण लहान मूल रडून दमलेलं असतं आणि दुपारच्या झोपेची वेळ असेल तर ते झोपणारच. त्याला हलवून हलवून जागं ठेवलं तर ते चिडचिडं आणि पेंगुळलेलं दिसेल, आणि तुम्हाला लक्षण कोणतं, झोप कोणती हे कळणार नाही. शेजारी बसा, दोन तासांनी उठवा, चालतंय-बोलतंय का बघा. अवेळी, नेहमीपेक्षा खूप जास्त आणि उठवूनही न उघडणारी झोप ही झोप नव्हे.

पहिल्या रात्री त्याच खोलीत झोपा. डॉक्टरांनी किती वेळा उठवायचं ते सांगितलं असेल तर तसंच करा. काहीच सांगितलं नसेल तर तुम्ही झोपण्यापूर्वी एकदा आणि चारेक तासांनी एकदा उठवणं पुरेसं आहे. गजर लावा, ‘जाग येईलच’ यावर राहू नका. आधी मोठा दिवा न लावता, मंद उजेडात बघा: श्वास एकसारखा चालतोय का, अंग नेहमीसारखं सैल आहे का, चेहऱ्याचा रंग ठीक आहे का. मग गालाला हात लावून हाक मारा. गणित सोडवून घ्यायचं नाही. कुरकुर केली, हात झिडकारला, “आई झोपू दे ना” म्हणून कूस बदलली की झालं. नुसतं कण्हणं, अंग ताठ करणं, डोळे उघडून नजर न ठरणं किंवा काहीच प्रतिसाद नसणं, यांपैकी काही झालं तर सकाळची वाट बघायची नाही.

तान्ह्या बाळांसाठी

बाळ डोकं दुखतंय म्हणणार नाही, म्हणून त्याच्या तीन व्यवहारांवर नजर ठेवा: दूध, रडणं, झोप. दोन वेळचं दूध नीट ओढत नाही. कडेवर घेऊन, पाजूनही रडणं थांबत नाही किंवा रडण्याचा आवाज नेहमीपेक्षा चिरका लागतोय. अंगाईशिवाय न झोपणारं बाळ ढिलं पडून राहतंय, तर निघा. टाळू बघायची ती बाळ शांत असताना, मांडीवर उभं धरून. रडताना ती फुगतेच. शांत असतानाही फुगीर, ताठ लागत असेल तर तातडीनं न्या.

बाळाच्या डोक्याला मार कसा लागला हे सांगताना घरं अडखळतात. आजोबांच्या हातून निसटलं, मोठ्या बहिणीनं उचललं होतं, कुणीतरी रागानं गदागदा हलवलं. डॉक्टरांना खरं सांगा. जोरात हलवण्यानंसुद्धा बाळाच्या मेंदूभोवती रक्तस्राव होतो आणि बाहेरून एक ओरखडाही दिसत नाही. त्या क्षणी कुणाची अब्रू सांभाळण्यापेक्षा डॉक्टरांना योग्य दिशा मिळणं बाळाच्या जिवाला जास्त गरजेचं आहे.

औषधं: काय द्यायचं, काय नाही

दुखत असेल तर पॅरासिटामॉल. प्रमाण वयावर नाही, वजनावर: दर किलोला १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत सहा तासांचं अंतर, २४ तासांत जास्तीत जास्त चार वेळा. तान्ह्या बाळाला मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. बाटलीवरचं लेबल नीट वाचा, कारण आपल्याकडं ५ मिलिलीटरमध्ये १२० मिलिग्रॅम आणि ५ मिलिलीटरमध्ये २५० मिलिग्रॅम अशी दोन्ही सिरप मिळतात आणि खोकी सारखीच दिसतात. १६ किलोच्या मुलाला २४० मिलिग्रॅम लागतं. म्हणजे पहिल्या बाटलीतलं १० मिलिलीटर. तेच १० मिलिलीटर दुसऱ्या बाटलीतलं दिलं तर दुप्पट औषध जातं.

आयब्युप्रोफेन, आणि ते मिसळलेली सिरप, पहिले दोन दिवस डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत, कारण त्यानं रक्तस्राव वाढण्याची शंका असते. अ‍ॅस्पिरिन मुलांना नाहीच. निमेसुलाइडवर तर बारा वर्षांखालच्या मुलांसाठी भारतात २०११ पासून बंदी आहे. जुनी बाटली कपाटात असेल तर फेकून द्या.

दोन औषधांबद्दल फारसं कुणी सांगत नाही. उलटी थांबवणारं सिरप मागच्या आजारपणातलं उरलेलं असतं, ते परस्पर देऊ नका; उलट्या वाढतायत ही खूणच त्यानं पुसली जाते. आणि सर्दी-खोकल्याची, ॲलर्जीची गुंगी आणणारी औषधं त्या दोन दिवसांत विचारूनच द्या, नाहीतर गुंगी औषधाची की माराची हे कुणालाच सांगता येणार नाही.

रुग्णालयात

निघताना वही, लसीकरणाचं कार्ड, चालू औषधं बरोबर घ्या. वाटेत पोटभर खायला घालू नका. तपासणीसाठी भूल द्यायची वेळ आली तर रिकामं पोट बरं. ‘पडला, उलटी झाली’ असं न सांगता वहीतली वेळ वाचून दाखवा.

सीटी स्कॅनवरून पालकांचे दोन्ही टोकांचे हट्ट असतात. काहींना तो हवाच असतो, काहींना किरणांच्या भीतीनं नकोच असतो. सीटीत किरणोत्सर्ग असतो आणि लहान मुलांत तो टाळता आला तर टाळावा हे खरं. म्हणूनच मधल्या पातळीच्या धोक्यात मुलाला चार-सहा तास रुग्णालयात ठेवून बघणं ही मान्य पद्धत आहे. ती डॉक्टरांची चालढकल नसते. पण त्यांनी आत्ताच सीटी हवा म्हटलं तर तिथं घासाघीस करू नका, कारण रक्त साठलं असेल तर ते काढायला लागणारा वेळ तुमच्या हातातून जातो. आणि नुसत्या एक्स-रेवर निर्धास्त होऊ नका. त्यात हाड दिसतं, आतलं रक्त दिसत नाही.

आज, सगळं शांत असताना, एक फोन करून ठेवा: आपल्या गावापासून जवळ रात्री सीटी चालू असणारं आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेचे डॉक्टर असणारं रुग्णालय कोणतं. आमच्या गावापासून ते तास-सव्वा तासाच्या अंतरावर आहे, हे मला त्या दिवाळीत माहीत नव्हतं.

पुढचे काही दिवस

४८ तास सुरळीत गेले की मुख्य धोका सरतो. त्यानंतरही डोकेदुखी वाढली, उलट्या सुरू झाल्या, वागणं बदललं तर ‘आता काय, चार दिवस झाले’ म्हणू नका. काही रक्तस्राव सावकाश साठतात.

स्कॅन न करताही, किंवा तो स्वच्छ येऊनही, मुलाला मेंदूचा मुका मार असू शकतो. तेव्हा थोडं डोकं दुखणं, लवकर दमणं, चिडचिड, गोंगाट सहन न होणं, वाचलेलं डोक्यात न शिरणं असं काही दिवस चालतं. बहुतेक मुलं चार आठवड्यांत पूर्ववत होतात. पहिले एक-दोन दिवस आराम, पण अंधाऱ्या खोलीत निजवून ठेवायचं नाही. घरात हिंडू-फिरू द्या. मोबाइल आणि टीव्ही त्या दोन दिवसांत अगदी कमी. मग अर्धा दिवस शाळा, जमलं तर पूर्ण दिवस. वर्गशिक्षिकेला चिठ्ठी द्या, नाहीतर मूल ‘लक्ष देत नाही’ म्हणून ओरडा खातं. पी.टी., सायकल, कबड्डी, क्रिकेट सगळ्यात शेवटी: लक्षणं पूर्ण गेल्यावर, डॉक्टरांना विचारून, एकेक पायरी, दोन पायऱ्यांमध्ये किमान एक दिवस. मार लागला त्याच दिवशी पुन्हा मैदानात उतरवायचं नाही, फायनल असली तरी. मेंदू सावरण्याआधी दुसरा फटका बसला तर तो पहिल्यापेक्षा कितीतरी महागात पडतो.

माझा मुलगा तिसऱ्या दिवशी किल्ल्यापाशी गेला तेव्हा जोत्याच्या कडेला आम्ही बाकडं आडवं लावलं होतं. ते अजून तिथंच आहे. वहीच्या पहिल्या पानावर आता १०८, बालरोगतज्ज्ञांचा नंबर, त्या रुग्णालयाचा नंबर आणि घरातल्या तिन्ही मुलांची वजनं आहेत. वजनं दर सहा महिन्यांनी बदलतो.